दिवस मोजायचे ते शेवटच्या पाजण्यापासून

डॉक्टर ताई,
मी ३३ वर्षांची, मनीषनगरला राहते. मला दोन मुली, मोठी सहा वर्षांची आणि धाकटी चौदा महिन्यांची. दोन्ही सिझेरियन. धाकटी अजून अंगावर पिते, दुपारी एकदा आणि रात्री दोन-तीनदा. विचारायला लाज वाटते, पण माझी छाती पार उतरली आहे. मी दिवा बंद केल्याशिवाय कपडे बदलत नाही. उन्हाळ्यात स्तनाखाली घामाने कातडी सोलवटते. सासूबाई म्हणतात, ‘पोरीला इतके दिवस पाजलंस, त्याचंच हे.’ फेब्रुवारीत नणंदेचं लग्न आहे. एका क्लिनिकमध्ये विचारलं, तर ते म्हणाले, ‘आजच दूध तोडा, आटवायची गोळी देतो, डिसेंबरमध्ये लिफ्टचं, म्हणजे स्तन वर उचलायचं, ऑपरेशन करून टाकू.’ दिवाळीच्या आत पैसे भरले तर सवलत आहे. नवरा म्हणतो, तुला हवं तर कर. घरी सांगायला लाज वाटते म्हणून सासूबाईंना ‘छातीतल्या गाठीचं ऑपरेशन आहे’ असं सांगायचं ठरवलंय. माझ्या मावशीला छातीचा कॅन्सर झाला होता, त्यामुळे त्यांना पटेल. तिसऱ्याचं आमचं नक्की नाही. सासूबाई ‘एक चान्स घेऊन पाहा’ म्हणतात. माझं वजन ६८ किलो आहे, लग्नाच्या वेळी ५५ होतं. डिसेंबरची तारीख घेऊ का? नाव छापू नका, लाज वाटते.

आधी उत्तर देऊन टाकते, म्हणजे बाकीचं शांतपणे वाचशील. डिसेंबरची तारीख घेऊ नकोस. ऑपरेशन करायचंच असेल तर पुढच्या वर्षीची दिवाळी होऊ दे आणि मग कर. मधल्या काळात काय काय व्हायला हवं आणि का, ते सांगते.

पत्रात तू दोनदा-तीनदा ‘लाज वाटते’ लिहिलंस. मी तीस वर्षं नागपुरात बाळंतपणं केली. ओपीडीत बायका तपासून व्हायच्या, उठायच्या, दारापर्यंत जायच्या, कडीला हात घालायच्या आणि मग मागे वळून हळूच म्हणायच्या, ‘मॅडम, एक विचारायचं होतं.’ खोकलं की लघवी सुटते, पोट लोंबतं, छाती उतरली, हे सगळे प्रश्न त्या कडीपाशीच निघायचे. तू एकटी नाहीस आणि तुझं मागणं चोचल्याचं नाही. घामाने कातडी सोलवटते, झुळझुळीत कपडा घालवत नाही, नवऱ्यासमोर दिवा लावता येत नाही, हा रोजचा त्रास आहे. त्याच्यावर इलाज हवा असं वाटणं साहजिक आहे.

आता सासूबाईंचं वाक्य. ते मनातून काढून टाक, कारण ते खरं नाही. स्तन उतरतात ते मुख्यतः गरोदरपणामुळे. त्या नऊ महिन्यांत दुधाच्या ग्रंथी वाढतात, कातडी ताणली जाते आणि स्तनाला आतून धरून ठेवणारे तंतू सैल होतात. बाळाला एक थेंब न पाजलेल्या आईचंही हे होतं. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठातल्या प्लास्टिक सर्जननी २००८ साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात वय, वजन, किती गरोदरपणं झाली, आधीपासून स्तन मोठे होते का आणि धूम्रपान, एवढ्या गोष्टींचा संबंध दिसला. अंगावर पाजण्याचा दिसला नाही. चौदा महिने पाजलंस म्हणून धाकटीच्या माथी हे मारू नकोस. दोन गरोदरपणं आणि तेरा किलो वजन, यात तुझं उत्तर आहे.

मग थांबायचं कशासाठी? तर पाजत असताना तुला आरशात जो स्तन दिसतो तो कायमचा नाही. दूध बंद झालं की ग्रंथी हळूहळू आक्रसतात. त्यांच्या जागी चरबी परत येते, पण ती सावकाश येते आणि कधी पूर्ण येतही नाही. दूध तुटल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत स्तन रिकाम्या पिशवीसारखा लुळा वाटतो. बऱ्याच जणी तेव्हाच घाबरून सर्जनकडे धावतात. पुढे काही महिन्यांत तो थोडा भरतो, कातडीही थोडी आवळते. सर्जनचं सगळं काम मापाचं असतं. तो टेप घेतो, गळ्याखालच्या खळगीपासून स्तनाग्रापर्यंत अंतर मोजतो, उभं राहायला सांगून पेनाने खुणा करतो, मग ठरवतो की किती कातडी काढायची आणि स्तनाग्र किती वर न्यायचं. ज्या स्तनाचं माप दर महिन्याला बदलतंय त्याच्यावर मारलेली खूण सहा महिन्यांनी चुकीची ठरते. आज भरलेल्या स्तनावर बेतलेली कातडी, आत ग्रंथी आटल्या की पुन्हा ढिली पडते. एक स्तन दुसऱ्यापेक्षा जास्त आटतो आणि दोन्ही बाजू वेगळ्या दिसू लागतात. मग दुसरं ऑपरेशन, पुन्हा भूल, पुन्हा खर्च.

दुसरं कारण जखमेचं. दुधाच्या नळ्यांमध्ये दूध शिल्लक असताना तिथे कापलं तर ते दूध आतल्या आत साठून गाठ होते, किंवा जखमेतून बाहेर येत राहतं, आणि साठलेल्या दुधात जंतू फार लवकर वाढतात. माझ्याकडे एक बाई आली होती. दूध तोडून जेमतेम सहा आठवडे झालेले असताना तिचं कुठेतरी ऑपरेशन झालं होतं. ब्लाउजच्या आत तिने मुलीचं लंगोट घडी करून ठेवलं होतं, कारण टाक्याच्या एका कोपऱ्यातून पांढरट पाणी थांबतच नव्हतं. ती जखम भरायला तीन महिने गेले. तिची चूक काहीच नव्हती, तिला कुणी थांब म्हणालं नव्हतं.

म्हणून साधारण हिशेब असा धरतात: शेवटचं पाजणं झालं त्या दिवसापासून किमान तीन महिने, आणि सहा झाले तर उत्तम. मी सहाच सांगते. इथे बायकांची गल्लत होते ती दिवस कुठून मोजायचे यात. बाळंतपणापासून मोजायचे नाहीत. ‘दिवसाचं बंद केलंय, रात्री झोपेत एकदाच पिते’ याला बंद म्हणत नाहीत. ते रात्रीचं एक पाजणंच शरीराला सांगत असतं की दूध चालू ठेव. ते सुटलं की घड्याळ सुरू.

आता दूध तोडायचं कसं. क्लिनिकने सांगितलेली गोळी दूध आटवते हे खरं. पण तिने मळमळतं, चक्कर येते, ब्लडप्रेशर खाली जातं. गरोदरपणात ब्लडप्रेशर वाढलं असेल किंवा कधी मानसिक आजार झाला असेल तर ती देण्याआधी नीट विचार करावा लागतो. तुला हे काही विचारलं गेलं का? चौदा महिन्यांच्या, चांगलं वरण-भात खाणाऱ्या मुलीच्या आईला बहुतेक वेळा गोळीची गरजच पडत नाही. आणि मुळात दूध तोडायची तारीख ऑपरेशनच्या तारखेवरून ठरू नये. सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध आणि पुढे वरच्या अन्नासोबत दोन वर्षं किंवा त्याहूनही जास्त पाजावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुला आणि धाकटीला दोघींना अजून हवं असेल तर पाज की, माझं काही म्हणणं नाही, ऑपरेशन तेवढं पुढे जाईल. आणि तुझंच मन भरलं असेल, रात्रीच्या उठण्याने तू थकली असशील, तर आता बंद करायलाही काही हरकत नाही. फक्त एका दिवसात नको.

दुपारचं आधी सोड. त्या वेळी वाटीतून किंवा कपातून दूध, थोडी खिचडी, आणि ज्या खुर्चीत बसून पाजायचीस त्या खुर्चीत आठ-दहा दिवस बसूच नकोस. ती खुर्ची दिसली की पोरगी आठवण काढते. मग आठवडाभर थांबून रात्रीतलं एक. झोपताना लागणारं सगळ्यात शेवटी, आणि त्या आठवड्यात झोपवायचं काम बाबाचं. तो ‘तुला हवं तर कर’ म्हणतोय ना, मग हे त्याने करायचं. स्तनाला कडुनिंबाचा पाला किंवा कोरफड चोळून लेकराला दचकवायची रीत आपल्याकडे आहे, ती मला कधीच पटली नाही. जिथे इतके दिवस विसावा मिळाला तिथेच अचानक कडू लागलं की मूल गोंधळतं. एकाएकी आजीकडे आठ दिवस पाठवून देणंही नको, त्यात तुझे स्तन दगडासारखे दाटतील. दाटलेच तर ताण जाण्यापुरतं थोडं काढून टाक, गार पाण्याची पट्टी ठेव, कापडाने करकचून बांधू नकोस. ताप आला, एखादी जागा लाल होऊन ठणकू लागली तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखव.

आणि एक सवय टाळ. दूध गेलं का हे बघायला बायका रोज आंघोळीच्या वेळी स्तनाग्र दाबतात. थेंब आला की घाबरतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा दाबतात. अगं, त्या दाबण्यानेच थेंब येत राहतो. दाबल्यावर काही महिने थोडंसं दूध दिसणं अगदी नेहमीचं आहे. न दाबता आपोआप येत असेल, एकाच बाजूने येत असेल किंवा रक्ताचा रंग असेल तर मात्र लगेच तपासायचं. आणि शेवटच्या पाजण्याला सहा महिने उलटूनही दोन्हीकडून दूध येत असेल तर प्रोलॅक्टिन (दूध तयार करायला लावणारं संप्रेरक) आणि थायरॉइड तपासून घ्यायचं. ते बघितल्याशिवाय ऑपरेशनला हात लावू द्यायचा नाही.

वजनाचं थोडक्यात. तू कमी करायच्या विचारात असशील तर ते ऑपरेशनच्या आधी कर. नंतर आठ-दहा किलो उतरलं तर बसवलेला स्तन पुन्हा ढिला पडतो. ५५ वर यायलाच हवं असं नाही. जे वजन तुला सांभाळता येईल त्यावर ये आणि तिथे तीन ते सहा महिने टिकून दाखव. व्यायामाने स्तन वर येत नाहीत, कारण स्तनात स्नायू नसतो, तो त्याच्या मागे असतो. तेलाने, क्रीमनेही नाही. त्यावर पैसे घालवू नकोस.

आता त्या ‘चान्स’विषयी, कारण तारखेचा सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे. ऑपरेशननंतर दिवस गेले तर बाळाला काही धोका नाही, पण स्तन पुन्हा भरणार, पुन्हा ताणणार आणि केलेलं काम बरंचसं वाया जाणार. पाजण्यावरही परिणाम होऊ शकतो. काही जणी नीट पाजतात, काहींना वरचं दूध द्यावं लागतं, ते नळ्या आणि नसा किती शाबूत राहिल्या यावर असतं. म्हणून ‘नक्की नाही’ या उत्तरावर ऑपरेशनची तारीख घेता येत नाही. आधी तुम्ही दोघांनी बसून ठरवा. दोघांनी, तिघांनी नव्हे. दोन सिझेरियननंतर तिसऱ्या वेळी वार (प्लॅसेंटा) नको तिथे चिकटण्याचा धोका वाढलेला असतो, हे मी तुझ्या सासूबाईंना समोर बसवून सांगितलं असतं. दोन मुली पुरेत असं ठरलं, तर नवऱ्याची नसबंदी हे सगळ्यात सोपं काम आहे. बिनटाक्याची, थोड्या वेळाची, त्याच दिवशी घरी. तुझं पोट दोनदा उघडून झालंय, ही एक गोष्ट त्याने करावी असं मला मनापासून वाटतं. तिसरं हवं असं ठरलं, तर स्तनाचं ऑपरेशन त्याच्यानंतर, त्याचंही पाजणं संपल्यावर. मधल्या काळात ‘अंगावर पाजतेय, दिवस जाणार नाहीत’ या भरवशावर राहू नकोस. गर्भनिरोधक गोळ्या घेत असशील तर सर्जनला सांग, काही गोळ्यांनी ऑपरेशननंतर रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो.

समज, संक्रांतीपर्यंत धाकटीचं हळूहळू सुटलं. तिथून सहा महिने म्हणजे आखाड. वैद्यकीय हिशेबाने तेव्हाही चालेल, पण मी तुला दिवाळीनंतरचं सुचवते, कारण हे नागपूर आहे. ऑपरेशननंतर चार-सहा आठवडे घट्ट सर्जिकल ब्रा रात्रंदिवस घालावी लागते. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, नवतप्यात, मेअखेरच्या त्या नऊ दिवसांत, कुलरची हवाही गरम लागते, आणि पावसाळ्यात तोच कुलर सगळं दमट करून ठेवतो. घामाने टाक्याखालची जागा ओली राहते, बाई वैतागते आणि ब्रा काढून टाकते. डिसेंबर-जानेवारीतली आपली थंडी या कामाला चांगली. शिवाय जास्तीच्या त्या महिन्यांत तुझं वजनही कळेल, मनही.

पुढचा उन्हाळा मात्र तसाच काढायचा नाही. सोलवटलेली ती कातडी बहुधा घाम आणि बुरशीमुळे आहे. तिथे टाल्कम पावडर टाकू नकोस, घामात तिचा चिखल होतो आणि घर्षण वाढतं. दिवसातून दोनदा धुऊन मऊ कापडाने टिपून घे, मग स्तनाखाली जुन्या सुती साडीची पातळ घडी ठेव आणि भिजली की बदल. लाल होऊन खाजत असेल, कडेला बारीक पुळ्या असतील, तर त्वचेच्या डॉक्टरकडून बुरशीचं मलम लिहून घे. मेडिकल स्टोअरमधलं ‘सगळ्यावर चालणारं’ मलम नको, त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं आणि त्याने बुरशी दबून पसरते.

ऑपरेशनबद्दल एवढं समजून घे. पूर्ण भूल असते, साधारण दोन-तीन तास लागतात. स्तनाग्र कापून वेगळं करत नाहीत, रक्तवाहिन्यांच्या देठासकट वर नेतात. व्रण राहतात. स्तनाग्राभोवती गोल, बहुतेकींना तिथून खाली एक उभी रेघ, आणि जास्त उतरलेल्यांना खालच्या घडीतही आडवी. पहिले काही महिने ते लाल आणि ठळक दिसतात, फिके व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं. पुसले जात नाहीत. तुला तुझ्या कातडीचा स्वभाव आधीच कळू शकतो. आज रात्री सिझेरियनच्या व्रणावर बोट फिरवून बघ. सपाट, मऊ, फिकट असेल तर चांगलं. दोरीसारखा वर आलेला, कडक, काळपट, खाजणारा असेल तर सर्जनला तो पहिल्याच भेटीत दाखव. स्तनाग्राची संवेदना काही जणींची काही महिने जाते, थोड्या जणींची परत येत नाही. आणि लिफ्टने स्तन वर येतो, भरत नाही. वरचा भाग पोकळ राहिला म्हणून पुढे इम्प्लांटचं (आत सिलिकॉनची पिशवी बसवण्याचं) विचारतील, तो वेगळा निर्णय आहे, त्याच दिवशी टेबलावर हो म्हणू नकोस.

खर्रा, मिश्री, तंबाखू यांपैकी काही आहे का? आपल्या शहरात हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मिश्री बायका मोजतच नाहीत, ‘दात घासते फक्त’ म्हणतात. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि त्या देठाचं रक्त कमी पडलं तर स्तनाग्राची कातडी काळी पडू शकते. ऑपरेशनच्या आधी किमान चार आठवडे आणि नंतरही चार आठवडे पूर्ण बंद, आणि सर्जनला खरं सांगायचं.

सर्जन निवडताना एम.सीएच. किंवा डी.एन.बी. प्लास्टिक सर्जरी ही पदवी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी बघ. दोघांना तरी दाखव. भूल कोण देणार, रात्री काही झालं तर कोण येणार, हे विचार. धंतोली-रामदासपेठेत चांगले लोक आहेत, आणि चांगला सर्जन तुला स्वतःहून विचारेल की पाजणं कधी बंद केलं. ज्या ठिकाणी हा प्रश्न न विचारता सवलतीची तारीख सांगितली तिथे पैसे भरू नकोस. मेडिक्लेम यात मिळत नाही, सौंदर्याच्या शस्त्रक्रिया पॉलिसीत वगळलेल्या असतात, आणि वर जीएसटीही लागतो. सगळा आकडा लेखी घे.

राहिलं लग्न. डिसेंबरमध्ये ऑपरेशन झालं असतं तरी फेब्रुवारीत तू सुजलेली, अवघडलेली, लाल व्रणांची असतीस, आणि नणंदेच्या लग्नात वहिनीला किती वाकावं-उचलावं लागतं ते तुला माहीत आहे. त्यापेक्षा आधी मापाची ब्रा घे. पाजणाऱ्या बायका वर्षानुवर्षं जुन्या मापाची किंवा ढिली नर्सिंग ब्रा घालतात. पट्टा पाठीत वर चढत असेल तर तो ढिला आहे. वजन खांद्यावरच्या पट्ट्यांनी नव्हे, खालच्या पट्ट्याने पेलायचं असतं. जानेवारीत ती ब्रा घालून शिंप्याकडे जा आणि त्यावरच ब्लाउजचं माप दे, अस्तर आणि टक्स नीट घ्यायला सांग. किती फरक पडतो ते तूच बघशील.

आणि शेवटी ते खोटं, ज्याने मी पत्र वाचताना सगळ्यात जास्त अस्वस्थ झाले. ‘छातीतल्या गाठीचं ऑपरेशन’ असं सांगू नकोस. ज्या घराला मावशीचा कॅन्सर माहीत आहे, त्या घरात हा शब्द उच्चारल्यावर काय होईल याचा विचार कर. तुझी आई रात्रभर जागेल. सहा वर्षांची मोठी दाराआडून ऐकेल. उद्या खरोखर कधी गाठ लागली तर तू वेगळा शब्द कुठून आणणार? शिवाय हे खोटं टिकणार नाही, कारण ऑपरेशननंतर सहा आठवडे तुला जड उचलता येणार नाही. धाकटी तोवर सव्वादोन वर्षांची, दहा-बारा किलोची होईल. ती ‘आई, घे’ म्हणून हात वर करेल आणि तुला खाली बसून तिला कुशीत घ्यावं लागेल, उचलता येणार नाही. कुलर, बादल्या, दोरीवर कपडे वाळत घालणं, अ‍ॅक्टिव्हा, यातलं काहीच सुरुवातीला नाही. घरात दुसरं कुणीतरी लागणार, आणि त्या सासूबाईच असणार.

त्यांना सगळं तपशिलाने सांगायची गरज नाही. ‘दोन बाळंतपणांनी छाती उतरली आहे, उन्हाळ्यात कातडी सोलते, पाठ आणि खांदे दुखतात, डॉक्टरांना विचारून ते नीट करून घेतेय,’ एवढं पुरे. यात खोटं काही नाही, फक्त पाठ-खांद्याचं दुखत असेल तरच ते म्हण. त्या बोलतील. बोलू दे. सोलवटलेली ती जागा एकदा त्यांना दाखव. बायकांना बाईच्या अंगाचं दुखणं दिसलं की त्या आधी खोबरेल तेल आणतात, बोलणं मग विसरतात, हे मी अनेक घरांत पाहिलंय. त्या नाहीच विरघळल्या तर नवऱ्याने त्यांच्याशी बोलायचं आणि मदतीला बाई ठेवायची.

मावशीचं मात्र उद्यावर टाकू नकोस. आईला आजच फोन कर आणि विचार, मावशीला कॅन्सर निघाला तेव्हा तिचं वय किती होतं, एका बाजूला होता की दोन्ही, आणि आजी किंवा दुसऱ्या कुणा मावशीला स्तनाचा किंवा अंडाशयाचा होता का. साठीनंतर निघाला असेल तर चिंता कमी, चाळिशीच्या आत निघाला असेल तर तुझी तपासणी वेगळ्या पद्धतीने आखावी लागेल. दूध असताना सोनोग्राफी वाचायला कठीण जाते, म्हणून ऑपरेशनआधीची ती दूध बंद झाल्यावर करायची. पण आता हाताला एखादी गाठ लागत असेल तर त्यासाठी थांबायचं नाही, पाजत असतानाही सोनोग्राफी करता येते. आणि ऑपरेशनमध्ये जो काही भाग काढतील तो तपासायला पाठवा, असं सर्जनला आधीच सांगून ठेव.

मावशीचं वय कळलं की मला लिही. नाव छापणार नाही.